पाणी आधी, मासा शेवटी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ येते ते प्रकाश आणि खत या दोन गोष्टींवर. प्रकाश दिव्याचा, आणि खत म्हणजे पाण्यात विरघळलेले नायट्रेट व फॉस्फेट. माशांची विष्ठा, न खाल्लेले अन्न, खडकाच्या फटीत मेलेली एखादी गोगलगाय आणि टाकीत भरलेले मूळ पाणी, या सगळ्यांतून हे खत येते. शेतात युरिया पडला की तणही जोमाने वाढते, तसाच हा प्रकार आहे. तण खाणारी जनावरे शेतात सोडली तरी खताचे पोते फाटलेलेच राहिले, तर तण संपत नाही. शेवाळ खाणाऱ्या माशांची निवड याच हिशेबाने करावी लागते. आधी पाणी, मग यंत्रे आणि सर्वांत शेवटी मासा.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे डोंगराळ तालुके. नाणेघाट-माळशेजकडे सह्याद्रीची भिंत पूर्वेला उभी आहे आणि समुद्र बराच पश्चिमेला राहिला आहे. मुंबईतला माणूस समुद्र जवळ असल्याच्या आधारावर खाऱ्या पाण्याची टाकी मांडतो. आसनगाव, खर्डी, सरळगाव किंवा टोकावडे येथे मात्र समुद्र मिठाच्या पिशवीतून घरात आणावा लागतो. या भागात अशी टाकी मांडताना पाणी, उष्णता आणि वीज या तीन अडचणी येतात. तिन्ही सुटण्यासारख्या आहेत, पण मासा विकत घेण्यापूर्वी त्या सोडवायला हव्यात.

प्रवाळ आणि कायदा

परदेशी पुस्तकांत ‘रीफ टँक’ म्हणजे जिवंत प्रवाळांची टाकी. भारतात हा अर्थ जसाच्या तसा घेता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत. हे जीव समुद्रातून काढणे, विकणे आणि घरी बाळगणे गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडाही यातून सुटत नाही. दुकानात काचेआड ठेवलेले असले म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

हा कायदा अनाठायी नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ थोडेच आहेत. ते मुख्यतः 1987 मध्ये जाहीर झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात आणि खोल समुद्रातल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावर आहेत. इतक्या थोड्या ठेव्याला घरगुती हौशीची झळ लागता कामा नये. म्हणून या लेखात ‘रीफ टाकी’ म्हणजे प्रवाळभिंतीसारखी रचलेली खडकाळ टाकी: माणसाने बनवलेले सच्छिद्र खडक, त्यांवर हळूहळू चढणारे जांभळे चुनखडी शेवाळ, आणि मासे. खडक सिमेंटचे किंवा भाजलेल्या मातीचे मिळतात. सिमेंटचे खडक काही आठवडे गोड्या पाण्यात मुरवून, पाणी बदलत राहून वापरतात, नाहीतर त्यांतला चुना पाण्याचा सामू (पीएच) भलताच वाढवतो. भातसा किंवा काळू नदीच्या पात्रातली काळी वाळू फुकट मिळते, पण ती बेसाल्टची आहे. तिच्यात लोहयुक्त कण असतात आणि तिच्यातून पाण्याला चुना मिळत नाही. तिच्याऐवजी अ‍ॅरागोनाइटची पांढरी वाळू घ्यावी.

बोअरचे पाणी आणि तपकिरी थर

शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत. तानसा 1892 पासून उभे आहे, आणि मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ अर्धा वाटा एकट्या भातसाचा आहे. तरीही याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. मुरबाडमध्येही बारवीच्या जलाशयापासून दूरच्या गावांची भिस्त विहीर आणि बोअरवर आहे.

बोअरचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून येते. ते जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि खडक झिजून आलेली सिलिकाही असते. हीच सिलिका नव्या टाकीत तपकिरी थर आणते. हा थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, आणि डायटम आपले कवच सिलिकाचेच बनवते. काच पुसली तरी दुसऱ्या दिवशी दुलईसारखा थर पुन्हा दिसतो. भातशेतीजवळच्या विहिरीच्या पाण्यात युरियाचे नायट्रेटही उतरलेले असू शकते. असे पाणी भरले, तर पहिल्या दिवशीच टाकीत खत पडले म्हणायचे.

यावर उपाय आरओ गाळणी आणि त्यापुढे उरलेले क्षार टिपून घेणारा डीआय राळेचा डबा. स्वयंपाकघरातला आरओ एकटा पुरत नाही. पिण्याचे पाणी बेचव लागू नये म्हणून त्यात टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो. तो गाळलेल्या पाण्यात थोडे मूळ पाणी परत मिसळतो. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला की हे लगेच कळते. पिण्यासाठी उत्तम समजले जाणारे पाणी 60-80 आकडा दाखवते, आणि टाकीसाठी तो शून्याच्या आसपास हवा. हौशी माणसाच्या घरात पहिले उपकरण हा पेनाएवढा मीटर असावा.

आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया घालवते. 400 लिटरची टाकी पहिल्यांदा भरताना हजार लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडते. टँकरच्या गावात हे पाणी नाल्यात सोडणे बरे दिसत नाही. ते धुणी-भांडी, अंगण आणि झाडे यांसाठी साठवावे.

या भागात याहून चांगला एक मार्ग आहे. शहापूर-मुरबाडला पावसाळ्यात 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे एक चौरस मीटर जागेवर चार महिन्यांत 2000 लिटर पाणी. पावसाच्या पाण्यात सिलिका जवळजवळ नसते आणि टीडीएस अगदी कमी असतो. पहिल्या पंधरा-वीस दिवसांच्या सरी धूळ धुऊन नेण्यासाठी सोडून द्याव्यात. पुढचे पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या कापडावरून थेट पिंपात घ्यावे. जस्ताच्या पत्र्यावरून ते घेऊ नये, कारण जस्त माशांना आणि त्याहून अधिक गोगलगायींना बाधते. पिंप झाकून अंधारात ठेवावे, आणि वापरताना पाणी कोळशाच्या व डीआयच्या डब्यातून काढावे.

या पाण्यात समुद्री मीठ मिसळायचे असते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे 400 लिटरला 14 किलोच्या आसपास मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रात त्याच्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि कार्बोनेटही असतात. पाण्याची खारटता रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात. विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास ठेवावे.

यंत्रे: काय घ्यावे, कशासाठी घ्यावे

शेवाळ खाणारे बहुतेक मासे मोठे होतात आणि सतत पोहतात. त्यामुळे टाकी 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच, म्हणजे 400 लिटरच्या घरातली असावी. खडक, वाळू आणि स्टँड धरून तिचे वजन अर्ध्या टनाहून अधिक होते. ती तळमजल्यावर, कोब्याच्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर ठेवावी.

पहिले मोठे यंत्र प्रोटीन स्किमर. त्यात पंप पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतो. विरघळलेली सेंद्रिय घाण बुडबुड्याच्या कडेला चिकटते, फेस होऊन वर चढते आणि वरच्या कपात चहाच्या रंगाचे पाणी जमते. हा कप रोज ओतून टाकावा. सडून नायट्रेट होण्याआधीच घाण टाकीबाहेर जाते, हा या यंत्राचा खरा उपयोग. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात आणि लवकर एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून ते येथे काम करते.

दुसरा भाग संप, म्हणजे टाकीखालची छोटी टाकी. तिच्या एका कप्प्यात दिवा लावून कीटोमॉर्फा हे दोऱ्याच्या गुंत्यासारखे शेवाळ वाढवतात. मुख्य टाकीत जे खत शेवाळाला मिळाले असते, ते येथे हे शेवाळ खाते. दर पंधरा दिवसांनी मूठभर काढून टाकले, की तेवढे नायट्रेट-फॉस्फेट घराबाहेर गेले. शेवाळानेच शेवाळ आवरायची ही रीत स्मिथसोनियन संस्थेतले शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी विकसित केली. त्यांनी जाळीवर शेवाळ वाढवून ते खरवडून काढण्याची पद्धत मांडली. त्याआधी 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन इंग यांनी जिवंत खडक (जीव वसलेले समुद्री खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालवून दाखवली होती. पाणी शुद्ध करण्याचे बरेचसे काम खडकातले जीवाणू करतात, ही समज जगभरच्या हौशी लोकांना त्यातून आली.

तिसरा भाग प्रवाह. टाकीतले सगळे पाणी तासाला किमान वीस वेळा फिरेल, एवढे वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढकलणारे पंप, हवेत. पाणी जेथे साचते तेथे घाण बसते, आणि तेथेच लाल मखमलीसारखा सायनोबॅक्टेरियाचा थर चढतो. दिवे एलईडीचे असावेत. ते टायमरवर आठ तासांपेक्षा जास्त लावू नयेत, आणि खिडकीतले थेट ऊन टाकीवर पडू देऊ नये. फॉस्फेट हट्टाने वाढत असेल, तर दाणेदार फेरिक ऑक्साइडची पिशवी संपमध्ये ठेवतात. चाचणी संच नायट्रेट आणि फॉस्फेटचा असावा. नायट्रेट 10 पीपीएमच्या खाली आणि फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या खाली असले, की शेवाळ माशांच्या आवाक्यात राहते. दोन्ही शून्यावर आणण्याच्या मागे लागू नये. पाणी अगदी ओस पडले की डायनोफ्लॅजेलेटसारखे अधिक त्रासदायक सूक्ष्मजीव डोके वर काढतात.

उष्णता आणि वीज

एप्रिल-मेमध्ये मुरबाडचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि टाकीचे पाणी 24 ते 27 अंशांत हवे. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला, की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा हा गुण कमी होतो, पण तोवर खोलीही निवलेली असते. सिमेंटच्या पत्र्याखालच्या खोलीत पंखा पुरणार नाही, तेथे चिलर घ्यावा लागतो. त्यापेक्षा जाड भिंतीची, उत्तरेकडची किंवा कौलाखाली माळा असलेली खोली निवडणे स्वस्त पडते.

पंख्यामुळे रोज टाकीतले एक-दोन टक्के पाणी उडून जाते. उडते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. म्हणून भर घालताना खारे पाणी कधी घालू नये, शुद्ध गोडे पाणीच घालावे. हे काम आपोआप करणारे टॉप-ऑफ यंत्र उन्हाळ्यात फार उपयोगी पडते.

विजेचा प्रश्न जास्त गंभीर आहे. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली, की आडगावची लाईन येईपर्यंत रात्र जाते. अशा वेळी टाकीत आधी ऑक्सिजन संपतो, बाकीचे सगळे नंतर बिघडते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात गोड्याहून कमी. घरात 150 अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर असेल, तर दोन वेव्हमेकर आणि एक हवेचा पंप मिळून तीस वॉटचा भार त्यावर साधारण वीस तास चालतो. दिवे, चिलर आणि स्किमर इन्व्हर्टरवर जोडू नयेत. मासे एक रात्र अंधारात सहज राहतात. बंद पाण्यात मात्र ते राहू शकत नाहीत.

मासे

टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासा घालायचा नसतो. या काळात जीवाणू खडकावर बसतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करू लागतात. आधी तपकिरी डायटम येतात आणि जातात, मग काचेवर हिरवा थर येतो, मग खडकावर हिरवे केस दिसू लागतात. शेवाळ खाणारा मासा या वेळी आणावा, कारण आता त्याला खायला काही आहे.

सुरुवातीला सर्वांत योग्य मासा लॉनमोअर ब्लेनी, शास्त्रीय नाव सॅलॅरिअस फॅशिएटस. हा हिंदी महासागरातही सापडतो आणि 12-14 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तो खडकावर बसून राहतो, मान उचलून इकडेतिकडे पाहतो, आणि मग एकदम काचेवर झेप घेतो. कंगव्यासारख्या बारीक दातांच्या ओळीने तो शेवाळ खरवडतो. हिरव्या काचेवर त्याच्या ओठांचे स्वच्छ, अर्धगोल ठसे उमटत जातात. टाकीत हा एकच ठेवावा, दोन आपसांत भांडतात. खडक स्वच्छ झाले की त्याच्या पोटाकडे लक्ष द्यावे. पोट खपाटीला गेले असेल, तर पाण्यात भिजवलेले नोरी शेवाळ चिमट्याने लावून द्यावे. अनेक ब्लेनी नेमक्या स्वच्छ झालेल्या टाकीत उपाशी मरतात.

दुसरा गट सर्जन मासे, म्हणजे टँग. शेपटीच्या मुळाशी धारदार काटा असल्यामुळे त्यांना हे नाव पडले. जाळीत पकडताना तो हाताला कापू शकतो, म्हणून ते डब्याने पकडावेत. या गटात निवड जातीप्रमाणे करावी. केसाळ शेवाळासाठी काळ्या उभ्या पट्ट्यांचा कन्व्हिक्ट टँग चांगला. तो लक्षद्वीपच्या पाण्यातलाही आहे. टीनोकीटस वंशातल्या टँगचे दात ब्रशच्या केसांसारखे असतात. ते लांब केस उपटत नाहीत, काचेवरचा आणि खडकावरचा पातळ थर विंचरून खातात. हवाईचा यलो टँग सर्वांत लोकप्रिय. 2015 मध्ये हवाईतल्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटने त्याची पिल्ले प्रथमच बंदिस्त पाण्यात वाढवली. मिळत असेल तर असा पैदाशीचा मासाच घ्यावा. पावडर ब्ल्यू टँग देखणा आहे, पण नाजूक आणि भांडखोर. पहिल्या टाकीत तो आणू नये.

तिसरा फॉक्सफेस, रॅबिटफिशच्या कुळातला पिवळा मासा. इतर मासे तोंड लावत नाहीत अशा राठ शेवाळावरही हा तुटून पडतो. त्याच्या पाठीचे काटे विषारी आहेत. टाकीत हात घालताना तो कोठे आहे ते आधी पाहावे. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवावी आणि डॉक्टरांकडे जावे.

माशांना जेथे पोहोचता येत नाही, तेथे ट्रोकस आणि नेराइट गोगलगायी काम करतात. उलटी पडली तर ट्रोकस स्वतः सरळ होते, हा तिचा मोठा गुण. काही शंख-शिंपलेही कायद्याच्या यादीत आहेत, म्हणून विक्रेत्याकडून जातीचे नाव बिलावर लिहून घ्यावे. लाल सायनोबॅक्टेरियाचा थर कोणताच मासा मनापासून खात नाही. तो नळीने ओढून काढावा आणि प्रवाह वाढवावा.

शेवाळ चरणारे जीव गेले तर काय होते, हे जमैकाच्या समुद्रात दिसले. तेथे वनस्पती खाणारे मासे आधीच अतिमासेमारीने घटले होते. शेवाळ आवरण्याचे काम डायाडेमा या लांब काट्यांच्या सी-अर्चिनवर आले होते. 1983-84 मध्ये रोगाने सी-अर्चिन मेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक तळ झाकणारे प्रवाळ नव्वदच्या दशकात पाच टक्क्यांच्या आत आले आणि त्यांची जागा शेवाळाने घेतली. चरणाऱ्यांची एकच जात शिल्लक ठेवली की असा धोका राहतो. टाकीतही एक मोठा टँग ठेवण्यापेक्षा एक ब्लेनी, एक टँग आणि दहा-पंधरा गोगलगायी ठेवणे सुरक्षित.

मासा घरी आणताना

मासे बहुधा मुंबईतून, कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून येतात. आसनगावपर्यंत लोकलने दोन तासांच्या आसपास लागतात, आणि मुरबाडला कल्याणहून पुढे एसटी किंवा खासगी गाडी. पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवावी. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन असावा. विकत घेण्याआधी मासा दुकानातच खाताना पाहावा.

लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे सामू उतरलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच हा वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तीन-चार तासांच्या प्रवासानंतर उघड्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नये. बंद पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग मासा सारख्याच खारटपणाच्या वेगळ्या टाकीत घ्यावा. तेथे चार ते सहा आठवडे त्याला एकटे ठेवावे. टँगना क्रिप्टोकॅरिऑन हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन होतो. त्यावरचे तांब्याचे औषध मुख्य टाकीत घातले, तर गोगलगायी मरतात.

ठाणे खाडीच्या काठी ऐरोलीला राज्याच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. खारे पाणी आणि त्यातले जीव यांची ओळख करून घ्यायला शहापूर-मुरबाडकरांना ते जवळ आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने कित्येक पिढ्यांना हीच ओळख करून दिली.

ओढ्यातला मळ्या

शेवाळ खरवडणारा मासा शहापूर-मुरबाडला नवा नाही. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांत दगडाला चिकटून राहणारा मळ्या हेच काम करतो. विल्यम साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा अनेक मराठी नावेच शास्त्रीय नावांत घातली. त्यामुळे या माशाचे नाव आज जगभर गारा मुल्या असे आहे. त्याच्या खालच्या ओठामागे मांसल चकती असते. तिने तो वाहत्या पाण्यात दगड धरतो आणि ओठांच्या कडेने शेवाळ खरवडतो. उन्हाळ्यात ओढा आटून डोह उरला, की दगडावरचे त्याचे खरवडलेले पट्टे काठावरूनही दिसतात. पहिल्या पावसात वळगणीचे मासे उलट्या प्रवाहाने चढू लागतात, तेव्हा ठाकूर आणि कातकरी घरांत ताज्या माशांचे जेवण होते. हे मासे गोड्या पाण्याचे आहेत. खाऱ्या टाकीत ते जगत नाहीत, आणि 1970 मध्ये जाहीर झालेल्या तानसा अभयारण्यातून ते काढताही येत नाहीत.

या ओढ्यांना हौशी लोकांकडून खरा धोका आहे तो गोड्या पाण्याच्या टाकीतल्या ‘सकर’ माशाचा. दक्षिण अमेरिकेतला हा शेवाळ खाणारा मासा ‘टाकी साफ करतो’ म्हणून बोटाएवढा विकला जातो, आणि हातभर वाढला की नदीत सोडला जातो. भारतातल्या अनेक जलाशयांत तो आता जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी खवल्यांनी जाळी फाटतात, आणि त्याला बाजारात मोल नाही. तो भातसात किंवा बारवीत पसरला, तर मळ्याचे शेवाळ आणि कोळ्यांची जाळी दोन्ही जातील.

म्हणून टाकी मांडणाऱ्या प्रत्येकाने एवढे पाळावे: प्रवाळ विकत घेऊ नये, मासा पाण्याच्या आधी आणू नये, आणि नकोसा झालेला कोणताही मासा ओढ्यात, विहिरीत किंवा धरणात सोडू नये. तो दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.